पावातले रसायन आणि नफ्याचे गणित

जून २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट हे नाव अन्नात घालण्यास परवानगी असलेल्या द्रव्यांच्या यादीतून वगळले. वृत्तपत्रांनी दोन-चार दिवस या बातमीचा परामर्श घेतला, पाव उत्पादकांच्या संघटनेने ते द्रव्य वापरणे थांबविण्याचे जाहीर केले आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले. वस्तुतः प्रकरण तेथे सुरू व्हावयास हवे होते. कारण जे द्रव्य २०१६ साली अपायकारक ठरले, ते त्याच्या आदल्या दिवशी निर्धोक होते असे मुळीच नव्हते. मग इतकी वर्षे ते पावात कोणाच्या संमतीने राहिले, कोणाच्या फायद्यासाठी राहिले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न विचारणे लोकशाही समाजवादाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

या प्रश्नांना पावाच्या बाबतीत विशेष धार आहे. पाव हे मुंबईसारख्या शहरात चैनीचे खाद्य नाही. पहाटेच्या पाळीला निघालेला कामगार, नाक्यावर उभा असलेला बिगारी, शाळेच्या मधल्या सुटीतले मूल या सर्वांची भूक चहा-पाव आणि वडापाव यांवर भागते. पोळी लाटावयास घर लागते, चूल लागते आणि घरातील कोणाचा तरी वेळ लागतो. ज्यांच्याजवळ या तिन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत, त्यांचे अन्न पाव हे आहे.

सव्वीस वर्षांचा उशीर

पोटॅशियम ब्रोमेट उंदरांना पाण्यातून दिल्यास त्यांच्या मूत्रपिंडात गाठी उत्पन्न होतात, हे जपानी संशोधकांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच दाखवून दिले होते. ब्रिटनने १९९० मध्ये पिठात हे द्रव्य घालण्यास बंदी केली. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९२ मध्ये आपले पूर्वीचे मत बदलून, पिठावर प्रक्रिया करण्यासाठी ब्रोमेट वापरणे उचित नाही असा निर्वाळा दिला. कॅनडाने १९९४ मध्ये ते काढून टाकले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये त्याचा समावेश मानवास कर्करोग होण्याचा संभव असलेल्या द्रव्यांच्या गटात केला.

या सर्व घटना घडत असताना भारतात मात्र ते विहित प्रमाणात वापरण्याची मुभा कायम होती. मे २०१६ मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने दिल्लीतील पाव, बन, पिझ्झाचा पाव इत्यादींचे ३८ नमुने तपासले व त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट अथवा पोटॅशियम आयोडेट यांचा अंश सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे एका महिन्यात शासनयंत्रणा हलली. ब्रिटनची बंदी व भारताची बंदी यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली. या काळात जन्मलेले मूल लग्नाच्या वयाचे झाले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. पाव खाल्ल्यामुळे अमुक इतक्या माणसांना कर्करोग झाला असे कोणी म्हणत नाही व तसे म्हणता येणार नाही. योग्य प्रमाणात घातलेले व पुरेशा आचेवर भाजलेले ब्रोमेट बव्हंशी निरुपद्रवी ब्रोमाइडमध्ये रूपांतरित होते. प्रमाण चुकले अथवा भाजणी अपुरी राहिली म्हणजे ते पावात उरते. परंतु सुरक्षितता ही ‘प्रमाण चुकले नाही तर’ या अटीवर अवलंबून असेल आणि ते प्रमाण रोज पहाटे अर्धवट झोपेत असलेला कामगार हाताने मोजून घालणार असेल, तर ती सुरक्षितता कागदावरचीच समजावयास हवी.

वेळ वाचविणारे द्रव्य

ब्रोमेट पावात घालतातच कशासाठी? नव्याने दळलेल्या मैद्याला चिवटपणा कमी असतो. त्याचा पाव नीट फुगत नाही. तेच पीठ काही आठवडे मुरू दिले, तर हवेतील प्राणवायू पिठातील प्रथिनांवर आपले काम करतो व पिठाला हवी ती ताकद येते. जुने पाववाले हेच करीत. गोव्याचे पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवीत व ते फुगण्याची रात्रभर वाट पाहत. ब्रोमेट हे काम चिमूटभर भुकटीने उरकते. पीठ साठविण्यासाठी कोठार नको, आठवडे अडकून पडणारे भांडवल नको, वाट पाहणे नको. ब्रिटनमध्ये १९६१ साली निघालेल्या चोर्लीवूड पद्धतीने तर जोरदार यंत्रमंथन आणि अशाच द्रव्यांच्या साहाय्याने पीठ आंबविण्याचे तास मिनिटांवर आणले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ब्रोमेट हे रसायन असण्यापूर्वी भांडवलाच्या फेऱ्याची गती वाढविण्याचे साधन आहे. अन्नातील बहुतेक मिश्रद्रव्यांची हीच गत आहे. पिवळा रंग केशराची, तुपाची वा अंड्याची जागा घेतो. सॅकरीन साखरेची जागा घेते. कृत्रिम स्वाद फळाच्या गराची जागा घेतो. सोडियम बेंझोएटसारखे परिरक्षक बाटलीला महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर उभे राहण्याची मुभा देते. प्रत्येक ठिकाणी काही तरी महाग वगळले जाते व त्याच्या जागी स्वस्त असे काही येते. या अदलाबदलीत जी बचत होते ती उत्पादकाच्या खिशात जाते. जो धोका उरतो तो खाणाराच्या पोटात जातो. बचत तत्काळ मोजता येते, धोका मात्र वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो व तेव्हा त्याच्यावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. बाजाराचा न्याय येथे अपुरा का पडतो याचे दुसरे स्पष्टीकरण शोधण्याची जरूर नाही.

लंडनच्या भट्ट्यांचा धडा

हा विचार नवा नाही. १८५० नंतरच्या दशकात डॉ. आर्थर हिल हॅसॉल यांनी लंडनच्या बाजारातील अन्नपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष विक्रेत्यांच्या नावानिशी छापले. हलक्या पिठाचा पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात सर्रास तुरटी घातली जात असे. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड येथे साखर महाग म्हणून मिठाईत घालावयाच्या स्वस्त पांढऱ्या भुकटीऐवजी चुकून सोमल घातला गेला आणि सुमारे वीस माणसे दगावली. मग १८६० मध्ये भेसळीविरुद्ध पहिला कायदा झाला. तो इतका ढिला होता की तपासनीस नेमावयाचा की नाही, हे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडले होते. खऱ्या अर्थाने परिणामकारक कायदा येण्यास १८७५ साल उजाडावे लागले.

कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाची चर्चा करताना याच लंडनच्या भट्ट्यांकडे लक्ष वेधले आहे. त्याचा आधार ट्रेमेनहीर या सरकारी आयुक्ताचा १८६२ चा अहवाल हा होता. त्या अहवालात दोन प्रकारचे पाववाले आढळतात. एक पुऱ्या किमतीला विकणारे आणि दुसरे भाव पाडून विकणारे. भाव पाडणाऱ्याला स्वस्त विकणे कसे परवडत होते? एक तर तो पावात भेसळ करी आणि दुसरे म्हणजे कामगाराला रात्री अकरापासून राबवून त्याच्या श्रमाचा पुरता मोबदला देत नसे. भेसळीचा पाव आणि पिळलेला कामगार ही एकाच भट्टीतून निघणारी दोन उत्पादने होती. मार्क्सचे या प्रश्नावरील मर्म येथे आहे, आणि अन्नशुद्धीच्या चळवळी नेमके हेच वारंवार विसरल्या आहेत.

अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. अप्टन सिंक्लेअर हा समाजवादी लेखक शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांची दैना सांगावयास निघाला. त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी आधी एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली व १९०६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वाचकवर्ग हादरला, परंतु मजुरांच्या हालांनी नव्हे, आपल्या ताटातील मांसाच्या कल्पनेने. त्याच वर्षी मांसतपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. मजुराच्या वाट्याला मात्र काही आले नाही. भारतातील मध्यमवर्गाची अन्नविषयक जागृती याच वाटेने चालली आहे. पावात काय आहे याची चौकशी होते; तो पाव भाजणारा, भट्टीशेजारीच झोपणारा, परगावाहून आलेला कामगार किती तास राबतो याची होत नाही. आणि ही दोन चौकश्या एकच आहेत हे तर कोणाच्या ध्यानीही येत नाही. ज्या भट्टीत पिठाला विश्रांती मिळत नाही, त्या भट्टीत माणसालाही मिळत नसते.

रंगाचा बाजार

पावाइतकाच गंभीर प्रश्न रंगांचा आहे. भारतात अन्नात घालण्यास आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. परंतु बाजारात मेटॅनिल यलो, ऱ्होडामाइन-बी यांसारखे कापडाचे व कागदाचे रंगही मिठाईत, डाळींत, हळदीत वेळोवेळी सापडत आले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने ऱ्होडामाइन-बी सापडल्यामुळे ‘म्हातारीचे केस’ या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने अशा मिठाईत व गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. तेथे गोबी मंचुरियनच्या तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित आढळले होते. गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने तर जत्रेतील व हातगाडीवरील गोबी मंचुरियनच बंद केले.

या बंद्यांचा हेतू चांगला आहे. पण त्यांचा रोख पाहण्यासारखा आहे. हातगाडीवाल्याला रंगाची पुडी कोणी तरी विकतो. त्या पुडीवर ‘खाण्यासाठी नव्हे’ असे लिहिलेले असते किंवा काहीच लिहिलेले नसते. ती बनविणारा कारखाना आणि ती घाऊक विकणारा व्यापारी बंदीच्या कक्षेबाहेर राहतात. दंड भरतो तो शेवटचा माणूस, कारण तो रस्त्यावर उभा असतो व सापडण्यास सोपा असतो. रोगाचे मूळ पुरवठ्यात असताना इलाज विक्रीच्या टोकाला करणे हा जुना सरकारी शिरस्ता आहे.

परवानगी असलेल्या रंगांविषयीही समाधान मानण्यासारखी स्थिती नाही. प्रत्येक मिश्रद्रव्यासाठी तज्ज्ञ समिती ‘स्वीकारार्ह दैनिक सेवन’ ठरविते. प्राण्यांवरील प्रयोगात ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, तिचा साधारणतः शंभरावा भाग माणसासाठी धरतात व तो शरीराच्या वजनाच्या किलोमागे सांगतात. सनसेट यलो या रंगाचे हे प्रमाण किलोमागे ४ मिलिग्रॅम आहे. पंधरा किलो वजनाच्या मुलाला म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम. मिठाईसारख्या पदार्थांत रंगाची कायदेशीर मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम धरली, तर ६०० ग्रॅम मिठाई खाईपर्यंत ते मूल सुरक्षित आहे. हिशेब बिनतोड दिसतो. परंतु हलवायाने रंग तिप्पट घातला की ही हद्द २०० ग्रॅमवर येते, आणि मूल कुपोषणामुळे दहाच किलोचे असेल तर १३३ ग्रॅमवर. ज्याला पोटभर अन्न मिळाले नाही त्याच्या सुरक्षिततेचे मापही आखूड होते, हे त्या सूत्रात लपलेले विदारक सत्य आहे. सरासरीचे आकडे सुखवस्तू प्रौढ माणसाला डोळ्यांपुढे ठेवून वाचले, तर ते दिसत नाही.

ब्रिटनमधील साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण असलेले पेय दिल्यावर मुलांची चंचलता वाढल्याचे त्यांना आढळले. परिणाम मोठा नव्हता व सर्व मुलांत सारखा नव्हता. तरीही युरोपीय संघाने जुलै २०१० पासून त्यातील सहा रंगांच्या वेष्टनावर मुलांच्या वर्तनाविषयी सूचना छापणे सक्तीचे केले. परिणामी पुष्कळ उत्पादकांनी ते रंगच सोडून दिले. रंगावाचून गोळ्या-बिस्किटांचा धंदा बुडतो ही ओरड किती पोकळ होती हे त्यावरून दिसले.

भीती आणि विवेक

अर्थात, प्रत्येक मिश्रद्रव्य विष आहे असे मानणे हा दुसऱ्या टोकाचा अविवेक ठरेल. मिठात आयोडीन घातल्याने गलगंडाला आळा बसला. परिरक्षक नसेल तर कित्येक पदार्थांत बुरशी धरेल आणि बुरशीची विषे काही सौम्य नसतात. अजिनोमोटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याविषयी १९६८ पासून मोठी भीती पसरली. परंतु नेहमीच्या प्रमाणात ते अपायकारक असल्याचा सुसंगत पुरावा नंतरच्या प्रयोगांत मिळाला नाही. अ‍ॅस्पार्टेम या गोडी आणणाऱ्या द्रव्याला कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२३ मध्ये ‘संभाव्य’ गटात घातले, तर त्याच वेळी संयुक्त तज्ज्ञ समितीने त्याची जुनी मर्यादा कायम ठेवली. पहिली संस्था धोक्याची शक्यता सांगते, दुसरी रोजच्या मात्रेतील जोखीम सांगते. हा भेद लोकांना समजावून सांगण्याचे काम कोणी करीत नाही. त्यामुळे एक तर घबराट पसरते किंवा बेफिकिरी. दोहोंचा लाभ ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ अशी पाटी लावून दुप्पट भावाने विकणाऱ्यांना होतो. शुद्ध अन्न हा श्रीमंतांचा वेगळा बाजार होऊ देणे हा या प्रश्नाचा समाजवादी उलगडा नव्हे.

भारताने मनावर घेतल्यास काय होऊ शकते याचेही उदाहरण आहे. थंड पेयांत गढूळपणा टिकविण्यासाठी वापरले जाणारे ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल भारताने १९९० मध्ये बंद केले. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ती परवानगी रद्द करावयास २०२४ साल उजाडले. म्हणजे श्रीमंत देशांची वाट पाहिलीच पाहिजे असा काही नियम नाही. त्याहीपूर्वी, १९७७ मध्ये, जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या काळात कोका-कोला कंपनी भांडवलातील हिस्सा कमी करण्यास व पेयाचे गुपित उघड करण्यास तयार न झाल्याने देश सोडून गेली होती. तो वाद परकीय भांडवलाचा म्हणून लक्षात राहिला. त्यातील दुसरे तत्त्व मात्र विस्मृतीत गेले. जे कोट्यवधी लोकांच्या पोटात जाते, ते कोणाचे व्यापारी गुपित असू शकत नाही, हे ते तत्त्व होय. आजही वेष्टनावर ‘कृत्रिम स्वाद’ एवढे दोन शब्द छापले की त्यामागची यादी सांगण्याचे बंधन राहत नाही. रंगांची नावे नसतात, आकडे असतात. ११० म्हणजे काय, हे किती आयांना ठाऊक असणार? वेष्टन इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते. मराठी वाचणाऱ्या आईचे होवो अथवा न होवो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये थंड पेयांविषयीच्या एका लोकहित याचिकेत, आरोग्यास घातक अन्न हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्कावरील घाला आहे, अशी भूमिका घेतली. हक्क मान्य झाला. पण हक्काला प्रयोगशाळा लागते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१७ च्या अहवालात, राज्यांच्या ७२ अन्नप्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना विहित मान्यताच नसल्याचे नमूद झाले होते. १८६० चा लंडनचा कायदा तपासनिसांवाचून लुळा पडला होता, त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे.

काय करावयास हवे

कडक कायदे केले तर लहान बेकरीवाला मरेल व मोठ्या कंपन्यांचे फावेल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु त्यावरील उत्तर नियम सैल करणे हे नसून लहान उत्पादकाला आधार देणे हे आहे. ब्रोमेटच्या जागी क जीवनसत्त्व अर्थात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वापरता येते. पीठ मुरू देता येते. यांना थोडा अधिक पैसा व वेळ लागतो. हा भार सहकारी संघामार्फत एकत्र खरेदी करून, पीठ साठविण्याची सामाईक सोय करून उचलता येईल. सरकारी मालकीच्या मॉडर्न बेकरीज एके काळी देशभर रास्त भावाने पाव पुरवीत होत्या व खाजगी उत्पादकांपुढे दर्जाचे एक माप ठेवीत होत्या. २००० साली शासनाने ती कंपनी एका बलाढ्य खाजगी कंपनीला विकून टाकली आणि ते माप मोडले.

मागण्या साध्या आहेत. संयुक्त तज्ज्ञ समितीने एखादे द्रव्य अयोग्य ठरविताच भारतातील त्याची परवानगी आपोआप स्थगित व्हावी आणि ते निर्धोक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर असावी. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या वेष्टनांवर द्रव्यांची नावे, केवळ आकडे नव्हेत, मराठीत असावीत. सुट्या पावासाठी व मिठाईसाठी दुकानात तशीच पाटी असावी. औद्योगिक रंगांच्या घाऊक विक्रीची नोंद ठेवली जावी. प्रत्येक जिल्ह्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असावी व तेथे सामान्य ग्राहकाला अल्प शुल्कात नमुना तपासून मिळावा. आणि बेकऱ्यांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने पिठाबरोबर हजेरीपटही पाहावा.

यातील कोणतीही गोष्ट शासन आपण होऊन करणार नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा शिधापत्रिकेवर काय व किती मिळते याचा जाब त्यांनी मंत्र्यांना विचारला. त्याआधी, १९४८ मध्ये, नायगावच्या कामगारांनी ‘अपना बाजार’ उभा करून रास्त भावाच्या दुकानाचा प्रश्न आपल्या हातांनी सोडविला होता. या दोन्ही परंपरा महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीच्या घरच्या आहेत. त्या काळी प्रश्न धान्याच्या भावाचा व मापाचा होता. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. बेकरीच्या फळीसमोर उभे राहून ‘या पावात काय काय आहे आणि तो कोणी, किती तास राबून भाजला?’ असे विचारणाऱ्या ग्राहकसमित्या वस्तीवस्तीत निघाल्या, तर पुढच्या ब्रोमेटसाठी सव्वीस वर्षे थांबावे लागणार नाही.